पडदेकाकूंच्या घशाखाली घास उतरेना

आमच्या इमारतीत काकू पुष्कळ होत्या, पण पडदेकाकू एकच. त्या बरोबर आमच्या डोक्यावरच्या घरात राहायच्या. त्यांचं शिलाई मशीन खिडकीपाशी होतं आणि त्याची घरघर आमच्या छतातून खाली यायची. पाहुणे विचारायचे, "हा कसला आवाज?" तेव्हा कुठे आम्हाला आवाज आहे याची आठवण व्हायची.

पडदे शिवणं दिसतं तितकं सोपं नाही, हे त्यांनीच मला पहिल्या भेटीत ऐकवलं. कापड आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि खिडकी उघडी पडते. चुण्या सारख्या पडायला हव्यात. आणि पडदा वाऱ्यावर उडत राहू नये म्हणून खालच्या दुमडीत शिशाच्या बारीक गोळ्या शिवून टाकायच्या. काम करताना त्यांच्या ओठांत टाचण्यांची रांग असायची आणि त्या टाचण्यांच्या फटीतून त्या गप्पाही मारायच्या.

"काकू, एखादी पोटात गेली तर?" मी एकदा विचारलं.

"इतकी वर्षं कधी वाट चुकली नाही," त्या टाचण्यांतूनच म्हणाल्या. "तू घाबरू नकोस. तोंड माझं आहे."

नवरा बस कंडक्टर. आडदांड देह, खणखणीत गळा. निवृत्त झाल्यावरही जिन्यात कोणी गप्पा मारत उभं राहिलं की वरून आवाज यायचा, "पुढे सरका, पुढे सरका, मधे जागा आहे." मग एका सकाळी दाढी करता करता ते कोसळले. पक्षाघातानं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. ज्या माणसाचा आवाज चार मजले ऐकू जायचा, त्याच्याकडे आता फक्त डोळे उरले.

काकूंनी मशीन नवऱ्याच्या खाटेशेजारी ओढून घेतलं. पाय मशीनवर, हात कापडावर आणि नजर त्यांच्यावर, अशी दोनेक वर्षं काढली. मुलगा आणि सून दिवसभर कामावर असायची. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं काकूंकडे. दवाखान्यातून बजावून सांगितलं होतं: पातळ देऊ नका, बसवून भरवा, हनुवटी खाली ठेवा, एक घास गेल्याशिवाय दुसरा देऊ नका. काकू म्हणायच्या, "ह्यांचा एक घास उतरेपर्यंत माझ्या पडद्याची अख्खी बाजू टाचून होते." तक्रार म्हणून नाही, हसूनच म्हणायच्या.

एका दुपारी ते गेले. "झोपेतच गेले," असं काकूंनी मुलाला फोनवर सांगितलं आणि मुलानं आम्हाला. आम्ही वर गेलो तेव्हा त्यांच्या अंगात स्वच्छ शर्ट होता, केस विंचरलेले होते, तोंड पुसलेलं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण काकूंच्या पाठीवरून हात फिरवून तेच म्हणत होता. सुटले बिचारे. तुम्हीही सुटलात. किती केलंत हो त्यांचं! काकू मान हलवत होत्या. त्या रडल्या नाहीत, याचंही लोकांनी कौतुकच केलं.

पुढे काय झालं ते थोडं मी पाहिलं, थोडं त्यांच्या सुनेनं सांगितलं आणि राहिलेलं, बऱ्याच उशिरा, काकूंनी स्वतः.

आधी काकूंच्या ताटातून सफरचंद गेलं. दात दुखतात म्हणाल्या. मग पावाच्या कडा गेल्या, मग पाव गेला. मग भाजी मिक्सरमधून काढावी लागली. "भूकच नाही गं." "घशात गोळा आल्यासारखं होतं." "पित्त झालंय." त्या वयात असं बोलणारी माणसं घरोघरी असतात. कोणाला त्यात काही खटकलं नाही. त्या सूप कपानं प्यायच्या, दूध कपानं प्यायच्या, आणि तेही आपल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. त्यांचे कपडे त्यांच्या अंगावर आता दुसऱ्याचे वाटायला लागले होते.

त्यातच घरातले चमचे नाहीसे व्हायला लागले. एक-दोन हरवणं समजू शकतो. पण एका रविवारी पाहुणे आले आणि सुनेनं खण उघडला तर आत एकही चमचा नाही. सगळे सापडले मशीनच्या खालच्या पेटीत, पडद्याच्या जुन्या तुकड्यात घट्ट गुंडाळून, वरून टाके घालून.

"आई, हे इथे कशाला ठेवलेत?" सुनेनं विचारलं.

"वाजतात," काकू म्हणाल्या.

सून जिन्यात मला भेटली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "त्यांचं डोकं चालेनासं झालंय बहुतेक," ती म्हणाली. "त्यांना कुठे न्यायचं, कोणाला सांगायचं, मला काही सुचत नाही."

मुलगी आईला भेटायला आली ती याच सुमाराला. तिनं आईला पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि आधी स्वयंपाकघर गाठलं. फ्रीज उघडला. बंद केला. मग साध्या, गोड आवाजात विचारलं, "वहिनी, आईला वेळच्या वेळी जेवायला मिळतं ना?"

आवाज गोड होता म्हणूनच तो प्रश्न फार झोंबला. सुनेनं मला नंतर सांगितलं, "ताई बोलल्या त्याचं एवढं नाही गं. पण आई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी नुसतं 'मिळतं' म्हटलं असतं तरी माझी मान वर राहिली असती. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या." ताई परत गेली, पण तो प्रश्न घरात राहिला. मुलगा जेवताना बायकोकडे बघायचा आणि बायको ताटाकडे. शेजारणींनाही त्याचा वास लागला होताच. मी खोटं कशाला बोलू, एकदोनदा माझ्याही मनात ते येऊन गेलं.

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्त काढलं, पोटाचे फोटो काढले, घशातून दुर्बीण घालून पाहिलं. काहीतरी वाईटच निघणार अशी सगळ्यांची खात्री होती. निघालं काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, नळी स्वच्छ आहे, वय झालंय, थोडं थोडं देत जा. त्यांनी भूक लागायच्या गोळ्या दिल्या. रक्तदाबाच्या गोळ्या आधीपासून होत्याच. तरी काकूंचा रक्तदाब काही आवरत नव्हता. डॉक्टर गोळी वाढवत गेले. एक दिवस काकू न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडल्या. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

त्यांना झोपवून, त्यांच्या खोलीची जरा झाडलोट करावी म्हणून सुनेनं तिथला पडदा काढला आणि बादलीत भिजत घातला. थोड्या वेळानं पाहिलं तर पाणी पांढरंगुलाबी झालेलं. रंग जायचं ते कापड नव्हतं. तिनं पडदा उलटा केला, खालची दुमड चाचपली. आत गोळ्या होत्याच, पण शिशाच्या नाहीत. एका ठिकाणचे टाके उसवून, रोज एकेक आत सरकवून, पुन्हा नीट शिवलेल्या. रक्तदाबाच्या, भुकेच्या, ताकदीच्या. काही विरघळून कापडाला चिकटल्या होत्या.

संध्याकाळी मुलगा फार संतापला. त्याचा आवाज मी खाली ऐकला. "आम्ही मरमर करतोय आणि तू हे करतेस? मला हे बघायचं होतं का?" वगैरे. तो दार आपटून बाहेर गेला. सून मात्र ओला पडदा मांडीवर घेऊन काकूंच्या पायाशी बसली. तिनं विचारलं, "आई, खरं सांगा. तुम्हाला जगायचं नाहीये का?"

काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिलाच वेड लागलंय.

"मरायचं नाहीये," त्या म्हणाल्या, "म्हणून तर गिळत नाही."

हे वाक्य सुनेनं त्या रात्री नवऱ्याला सांगितलं, सकाळी मला सांगितलं आणि त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांच्या मनाच्या डॉक्टर बसायच्या त्यांना सांगितलं. आधीच्या डॉक्टरांना सांगायला दहा गोष्टी नेल्या होत्या. इथे तिनं ही एकच नेली.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी "या आजी" म्हणून सुरुवात केली.

"आजी म्हणू नका, मला नातवंडं नाहीत," काकू म्हणाल्या.

"मग काय म्हणू?"

"पडदेकाकू म्हणा. सगळे म्हणतात."

मग डॉक्टरबाईंनी आठवणीची परीक्षा घेतली. आज वार कोणता, विचारलं. काकू म्हणाल्या, "बाहेर पाटीवर तुमचा वार लिहिलाय तोच. आणि तुमच्या खिडकीचा पडदा एका बाजूला चार बोटं कमी पडलाय, तेही लिहून घ्या." कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर त्यांनी एका हिसक्यात असं वर्तुळ काढलं की कंपास लावायची गरज नाही. बाई हसल्या. डोकं शाबूत आहे हे त्यांना कळलं. मग झोप येते का, रडू येतं का, कशात मन रमतं का, हे सगळं सावकाश विचारून झालं. मन मशीनवर रमत होतं. झोप येत होती. दुपारची मात्र नको वाटायची.

गिळण्याची तपासणी करणारी एक मुलगी आली. तिनं काकूंच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि पेल्यातून पाणी प्यायला दिलं. काकू बोलत बोलत प्यायल्या. मग तिनं घट्ट सूप आणलं, वाटीत चमचा घातला आणि चमचा उचलला. काकूंची खुर्ची मागे सरकली. सुनेनं सांगितलं की त्यांच्या कपाळावर घाम फुटला, ओठ पांढरे पडले आणि हातांनी टेबलाची कड अशी धरली, की जणू खालची जमीन निघून चालली आहे.

डॉक्टरबाईंनी त्या मुलीला थांबवलं. चमचा स्वतः घेतला आणि खणात ठेवून दिला. काकूंचा श्वास खाली बसू दिला. मग म्हणाल्या, "काकू, घास खाली उतरत नाही, की उतरवायची हिंमत होत नाही?"

काकू चमचा ठेवलेल्या खणाकडे बघत राहिल्या.

"किती दिवस घाबरताय?"

"घाबरत नाही मी," काकू म्हणाल्या. "घशात गोळा येतो."

बाईंनी सुनेला बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं ते बराच वेळ उघडलं नाही.

आत जे बोलणं झालं ते काकूंनी मला पुढे कधीतरी सांगितलं. उन्हाची वेळ होती, समोर एका हॉटेलचे हिरवे पडदे पसरलेले होते आणि मी त्यांना टोक धरून दिलं होतं.

त्या दुपारीही असेच मोठ्या ऑर्डरचे पडदे होते. संध्याकाळी माणूस न्यायला येणार होता. नवरा एरवी तोंड घट्ट मिटून घ्यायचा, चमचा ओठांवर आपटत ठेवावा लागायचा. त्या दिवशी मात्र त्यानं आपणहून तोंड उघडलं. काकूंना बरं वाटलं. आज लवकर होईल, असंही वाटलं. एक घास दिला. त्यानं पुन्हा तोंड उघडलं. दुसरा दिला.

"त्यांना भूक लागलीय असं वाटलं गं मला," काकू म्हणाल्या. "पहिला गेलाच नव्हता. ते तोंड उघडून श्वास शोधत होते. आणि मी चमचा घातला."

आवाज काहीच झाला नाही. खोकला नाही, घरघर नाही. ज्या माणसानं आयुष्यभर आरडाओरडा केला, तो एवढासा आवाज न करता त्यांच्याकडे बघत राहिला. काकूंनी पाठीवर थापट्या मारल्या, बोट घालून पाहिलं, त्याला पुढे ओणवं केलं, पण तो देह त्यांना पेलला नाही. आणि सगळा वेळ ते डोळे. "रागानं नव्हते बघत. राग असता तर परवडलं असतं. 'बघ ना, काय झालंय मला,' असं बघत होते. मी काहीतरी करीन म्हणून."

नंतर काकूंनी त्यांचं तोंड पुसलं, शर्ट बदलला, केस विंचरले, वाटी-चमचा धुऊन ठेवला. मग मुलाला फोन केला.

ते डोळे पहिल्यांदा दिसले तेव्हा नवऱ्याला जाऊन काही महिने झाले होते. सगळी जेवत होती, काकूंनी चमचा तोंडापाशी नेला आणि चमच्याच्या पलीकडे ते डोळे आले. भूतबीत नव्हे, त्या म्हणाल्या, भुताला निदान पाय तरी असतील. नुसते डोळे, आणि स्वतःचा घसा एकदम दगडाचा झालेला. आता माझीही पाळी, असं वाटलं. त्या दिवशी त्या ताटावरून उठल्या. मग चमच्याबरोबर ते यायचे, पुढे पावाच्या तुकड्याबरोबरही यायला लागले, मग गोळीबरोबर. दुपारच्या शांततेत तर कशाशिवायही यायचे. म्हणून काकू मशीन चालवत बसायच्या. मी खाली आडवी पडून म्हणायची, या वयातही किती उत्साह!

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुमची काही चूक नाही," असं त्यांनी लगेच म्हटलं नाही, हे काकूंना बरं वाटलं. त्या म्हणाल्या, पक्षाघातानंतर असं घडू शकतं, दवाखान्यात दहा माणसं भोवती असतानाही घडतं. तुम्ही जीव घेतला नाही. पण हे मी शंभरदा सांगितलं तरी तुमचा घसा माझं ऐकणार नाही. त्याला हळूहळू पटवावं लागेल. आणि घरी हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

मुलाला आणि सुनेला आत बोलावून त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. फोबिया. गिळण्याचा, घास अडकेल याचा.

"भीती तर सगळ्यांनाच वाटते," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात अजून पडद्यातल्या गोळ्यांचा राग होता.

"वाटते ना. पण भीतीपायी माणूस उपाशी राहायला लागला, औषधं लपवायला लागला, की तो आजार. या वयाची माणसं 'मला भीती वाटते' असं म्हणत नाहीत. भूक नाही म्हणतात, चक्कर येते म्हणतात. जे टाळायचं ते इतकं बेमालूम टाळतात की आपल्याला तो त्यांचा स्वभाव वाटतो. नाहीतर आपण म्हणतो, वय झालं."

काकूंनी सुनेला त्याच संध्याकाळी सांगितलं. मुलाला सांगायला त्यांना फार वेळ लागला. ऐकून तो गॅलरीत गेला. मग आत येऊन एवढंच म्हणाला, "मला बोलवायचं होतंस."

"तू ऑफिसात होतास."

"तरी."

त्या विषयावर मायलेकांत झालेलं बोलणं एवढंच. तो आईशी वाईट वागला नाही, पण पुढे कितीतरी दिवस तो जेवायच्या वेळी आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत जायचा.

उपचार पाहायला गेलं तर गंमतच वाटली असती. आधी टेबलावर नुसता चमचा ठेवायचा आणि शेजारी बसून राहायचं. घाम येतो, छाती धडधडते, उठावंसं वाटतं, तरी उठायचं नाही. भीती चढते तशी उतरतेही, हे अंगाला कळू द्यायचं. मग रिकामा चमचा हातात. मग रिकामा चमचा तोंडात. सून रोज कामावरून आली की पर्स खांद्यावर असतानाच शेजारी बसायची. "सासूला रिकामा चमचा भरवते," ती मला म्हणाली. "ताईंनी आत्ता पाहायला हवं होतं." आम्ही दोघी जिन्यात हसत सुटलो, आणि मग तिला एकदम रडू आलं.

मधे सगळं ओमफस झालं. मऊ पावाचा कण चुकीच्या वाटेला गेला आणि काकूंना खोकला आला, कोणालाही येतो तसा. त्या पुन्हा कपावर गेल्या, पुन्हा भिंतीकडे तोंड. सून हताश होऊन त्यांना घेऊन गेली तर डॉक्टरबाई खूश. "खोकला आला? छान. म्हणजे पहारेकरी जागा आहे. तुमच्या यजमानांचा पहारेकरी आजारानं झोपवला होता. तुमचा झोपलेला नाही." हे वाक्य काकूंना लागू पडलं. त्यानंतर घास घ्यायच्या आधी त्या मुद्दाम एकदा खोकून बघायच्या. हजेरी घेतात, सून म्हणायची.

अंगावर मांस चढलं. रक्तदाबाची गोळी वाटून दह्यातून घेता घेता अख्खी घ्यायला लागल्या. मुलीचा फोन आला तेव्हा काकूंनी सुनेसमोर, मोठ्यानं सांगितलं, "वहिनीनं मला उपाशी ठेवलं नाही. मी राहिले. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तेव्हा माझं तोंडच उघडत नव्हतं." मुलीनं माफी वगैरे मागितली नाही. नासपतीची पेटी पाठवली, मऊ, पिकलेली, वर वहिनीचं नाव घालून.

"आणि ते डोळे?" हिरव्या पडद्याचं टोक धरून मी काकूंना विचारलं होतं.

"येतात की," त्या म्हणाल्या. "डॉक्टरबाई म्हणतात, जातील. मला नाही वाटत. आधी ते आले की मी चमचा खाली ठेवायची. आता त्यांच्यादेखत खाते." मग म्हणाल्या, "ते जास्त वाईट आहे, पण पोट भरतं."

त्या दिवशी त्यांनी मला जेवायला थांबवून घेतलं. बटाट्याचं घट्ट सूप होतं, पाव होता. सून आणि मुलगा कामावर होते. आम्ही दोघी टेबलाशी समोरासमोर बसलो. काकू खोकल्या, त्यांनी चमचा भरला, माझ्या खांद्यावरून पलीकडे एकदा पाहिलं आणि घास घेतला. मला फार बरं वाटलं. मी पाव मोडला, तोंडात टाकला आणि काहीतरी बोलायला मान वर केली.

काकूंची नजर माझ्या गळ्यावर होती. हातातला चमचा तसाच हवेत. मी गिळेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मी गिळलं, तेव्हा त्यांनी श्वास सोडला आणि पुन्हा आपल्या वाटीकडे वळल्या. दुसरा घास घेतला, तर पुन्हा तेच.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "घाई नाही आपल्याला."

मी सगळं संपवलं, अगदी सावकाश. तेव्हापासून कधी कधी एकटी जेवताना, काही कारण नसताना, मी घास तोंडात धरून थांबते. तो आता खाली जाणार हे मला ठाऊक असतं. तरी थांबते.